दमयंतीचं दुसरं स्वयंवर

अमरावती जिल्ह्यात, तिवसा तालुक्यात, वर्धा नदीच्या काठी कौंडण्यपूर आहे. आषाढीला इथून रुक्मिणीची पालखी पंढरपूरला निघते, म्हणून रुक्मिणीचं माहेर अशी या गावाची ओळख आहे. परंपरेनं दमयंतीचं माहेरही हेच. विदर्भाचा राजा भीम, त्याची नगरी कुंडिनपूर आणि त्याची लेक दमयंती. आज हे गाव लहान आहे, पण एका फार मोठ्या गोष्टीच्या कळसाचा प्रसंग इथे घडतो. एकेकाळी जीव लावलेली दोन माणसं ताटातूट होऊन दूर जातात, वर्षांनी एका गावात समोरासमोर येतात आणि त्यांना पुन्हा एकदा संधी मिळते. आज जगभर ज्या कथानकावर शेकड्यानं कादंबऱ्या आणि चित्रपट निघतात, त्याचा इतका जुना आणि इतका पक्का बांधलेला दुसरा नमुना माझ्या वाचनात नाही.

शाळेत आपण नलदमयंती शिकतो ते हंस आणि स्वयंवरापुरतं. रघुनाथ पंडिताचं आख्यानही स्वयंवराभोवतीच रमतं. पण महाभारताच्या वनपर्वात बृहदश्व ऋषी युधिष्ठिराला ही गोष्ट सांगतात ती सगळं हरवून बसलेल्या माणसाला धीर देण्यासाठी, आणि त्यांचा भर आहे तो उत्तरार्धावर. दमयंतीचा नवरा नळ द्यूतात राज्य हरतो. रानात झोपलेल्या दमयंतीचं अर्धं वस्त्र कापून घेतो आणि तिला तिथेच टाकून निघून जातो. पुढे कर्कोटक नागाच्या दंशानं त्याचं रूप पालटतं आणि अयोध्येच्या ऋतुपर्ण राजाकडे तो बाहुक या नावानं सारथी म्हणून राहतो. दमयंती हाल सोसत माहेरी पोचते.

आणि माहेरी पोचल्यावर ती वाट पाहत बसत नाही. ती गावोगाव ब्राह्मण पाठवते. प्रत्येकाला एकच प्रश्न पढवते: अर्धं वस्त्र कापून, झोपलेल्या बायकोला टाकून गेलेला तो जुगारी कुठे आहे? सभेत, बाजारात, जिथे माणसं जमतील तिथे हा प्रश्न म्हणायचा आणि कुणी उत्तर दिलं तर ते जसंच्या तसं आणायचं. पर्णाद नावाचा ब्राह्मण अयोध्येहून उत्तर घेऊन येतो. ते उत्तर एका कुरूप सारथ्यानं दिलेलं असतं. दमयंतीला खूण पटते. मग ती वडिलांच्या नकळत, आईला विश्वासात घेऊन, ऋतुपर्णाला निरोप धाडते: नळाचा पत्ता नाही, म्हणून दमयंती दुसरं स्वयंवर करते आहे, उद्या सूर्योदयाला. इतकं अंतर एका दिवसात घोडे हाकून आणणारा सारथी एकच, हे तिला माहीत आहे.

संध्याकाळी रथाचा घरघराट ऐकूनच ती ओळखते. कुंडिनपुरात स्वयंवराची कसलीच तयारी नाही. ऋतुपर्ण गोंधळतो, आणि भीमराजाही, कारण पाहुणा का आला हे त्याला ठाऊकच नाही. दमयंती मात्र घाई करत नाही. केशिनी नावाच्या दासीला पाठवून ती बाहुकाची बारीक चौकशी करते. त्यानं शिजवलेलं मांस मागवून चाखून बघते, कारण नवऱ्याच्या हातची चव तिच्या जिभेवर आहे. मग दोन्ही मुलांना त्याच्यासमोर पाठवते. तो मुलांना कवटाळून रडतो. ताटातुटीचं हे चौथं वर्ष. समोर आल्यावर तो पहिल्यांदा काय विचारतो? बायको असून दुसऱ्या स्वयंवराचा विचार तुझ्या मनात आलाच कसा! रानात टाकून गेलेला माणूस हे विचारतो. आणि ती शांतपणे सांगते की तुला आणण्यासाठी हा एकच उपाय माझ्याकडे होता.

हा प्रसंग मी जितक्यांदा वाचते तितक्यांदा मला पटत जातं की दुसरी संधी नशिबानं चालून येत नाही, ती कुणाला तरी उभी करावी लागते. शाकुंतलात कोळ्याला सापडलेली अंगठी ते काम करते, भासाच्या स्वप्नवासवदत्तात यौगंधरायण नावाचा मंत्री. दमयंती ते स्वतः करते. माणसं नेमणं, प्रश्न रचणं, अंतराचा हिशेब, खात्री करून घेणं, सगळं तिचं. आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. दुसऱ्या स्वयंवराची बातमी ऐकून ऋतुपर्ण अचंब्यात पडत नाही, रथ जोडायला सांगतो. बातमी खोटी होती, पण कथेच्या जगात ती अशक्य नव्हती.

आपल्याकडे पुढच्या काळात ती कुठे शक्य राहिली आणि कुठे नाही, यालाही इतिहास आहे. शेती आणि कारागिरी करणाऱ्या बऱ्याच जातींमध्ये विधवेनं किंवा काडीमोड झालेल्या बाईनं पाट लावण्याची रीत होती. त्याला पहिल्या लग्नाचा मान नव्हता, पण संसार मान्य होता. पाटदाम नावाचा करही त्यावर घेतला जाई, म्हणजे सरकारदरबारी त्याची नोंद होती. ब्राह्मण आणि त्यांचं वळण गिरवणाऱ्या घरांत मात्र हे दार बंद. पुढे वरच्या मानासाठी झटणाऱ्या इतर जातींनीही पाट सोडून दिला. एकीकडे 1856 च्या कायद्यानं विधवाविवाहाला मान्यता मिळत होती आणि दुसरीकडे ज्यांना तो आधीपासून मोकळा होता त्यांच्यातलीच काही घरं तो बंद करत होती. 1893 मध्ये धोंडो केशव कर्वे यांनी गोदूबाईंशी लग्न केलं. त्या मित्राची बहीण, आठव्या वर्षी विधवा झालेल्या, पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकलेल्या. लग्नानंतर दोघं कोकणात मुरुडला गेली तेव्हा गावानं त्यांना वाळीत टाकलं. दोघांना घरात घेणं घरच्यांनाही अवघड झालं. ही काही जुन्या प्रेमाची गोष्ट नव्हे. पण लहान गाव दुसऱ्या संधीकडे कसं पाहतं, याचा इतका स्वच्छ पुरावा क्वचित मिळतो. त्या गोदूबाई म्हणजेच बाया कर्वे. त्यांचं ‘माझे पुराण’ ज्यांनी वाचलं नसेल त्यांनी जरूर वाचावं.

याच गोष्टीचं आधुनिक रूप आपल्याकडून निघालेलं नाही. ते दक्षिण इंग्लंडमधलं आहे. नळोपाख्यान युरोपात पोचलं ते 1819 मध्ये, फ्रान्झ बॉप या जर्मन पंडितानं लंडनमध्ये ते लॅटिन भाषांतरासह छापलं तेव्हा. पुढे कितीतरी युरोपीय विद्यार्थी संस्कृतची पहिली ओळख याच उपाख्यानातून करून घेत. पण जेन ऑस्टिन त्याच्या दोन वर्षं आधी, 18 जुलै 1817 रोजी वारली होती. म्हणजे तिनं दमयंतीचं नाव ऐकलं असण्याची शक्यता जवळजवळ नाही. तरीही तिची शेवटची पूर्ण कादंबरी ‘पर्स्वेजन’ आणि नळोपाख्यानाचा उत्तरार्ध शेजारी ठेवून वाचले की दोन्हींचा सांगाडा एकच दिसतो.

ॲन इलियट ही सॉमरसेटमधल्या एका सरदाराची मधली मुलगी. एकोणीस वर्षांची असताना तिचं फ्रेडरिक वेंटवर्थ या तरुण नौदल अधिकाऱ्याशी लग्न ठरतं. त्याच्याकडे ना पैसा, ना घराणं. वडील नाक मुरडतात, आईच्या जागी असलेली लेडी रसेल समजावते आणि ॲन लग्न मोडते. हे 1806 सालातलं. आठ वर्षांनी, 1814 मध्ये, चित्र उलटतं. उधळपट्टीनं कर्जात बुडालेल्या वडिलांना वाडा भाड्यानं द्यावा लागतो, आणि भाडेकरू म्हणून येतो तो वेंटवर्थचा मेहुणा, ॲडमिरल क्रॉफ्ट. नेपोलियनशी चाललेलं युद्ध थांबल्यानं नौदलाची माणसं जमिनीवर परतलेली असतात. शत्रूची जहाजं पकडली की त्यांच्या किमतीतला वाटा अधिकाऱ्यांना मिळे. त्या बक्षिसी पैशावर वेंटवर्थ पंचवीस हजार पौंडांचा धनी झालेला असतो. जेनचे दोन भाऊ, फ्रान्सिस आणि चार्ल्स, नौदलात होते. हा पैसा कसा येतो हे तिला घरातूनच माहीत होतं. ताटातुटीचं कारणही पैसा आणि परत भेट घडवतो तोही पैसाच, हे इतक्या उघडपणे मांडणारी तोवरची प्रेमकथा मी तरी पाहिलेली नाही.

आता लहान गावाचं महत्त्व बघा. लंडनमध्ये ही दोघं जन्मात भेटली नसती. इथे मोजकी घरं, तीच जेवणं, तेच फिरायला जाणं. नको असलं तरी एकाच टेबलाशी बसावं लागतं आणि बोलायला काही नसतं. सगळे मिळून लाइम या समुद्रकाठच्या गावी जातात, तिथे धक्क्याच्या पायऱ्यांवरून लुइझा नावाची अल्लड मुलगी उडी मारते आणि पडते, बाकी सगळे हातपाय गाळतात आणि सूत्रं हातात घेते ती ॲन. डॉक्टरला कुणी बोलवायचं, मुलीला कुठे न्यायचं, हे तीच ठरवते. वेंटवर्थ ते पाहतो. लेखिकेनं गाव वापरलंय ते देखाव्यासाठी नाही. एकमेकांना टाळता येणार नाही अशी जागा तिला हवी होती.

या कादंबरीबद्दल मला सर्वांत मोलाची वाटणारी हकीगत पुढेच आहे. जेननं कादंबरी 1815 च्या ऑगस्टमध्ये सुरू केली आणि 1816 च्या जुलैत संपवली. त्या पहिल्या शेवटात ॲडमिरल क्रॉफ्टच्या घरी, त्याच्याच एका भाबड्या निरोपाच्या निमित्तानं, दोघं खोलीत एकटी सापडतात आणि गैरसमज मिटतो. म्हणजे वयस्कर पुरुषानं नकळत जुळवून आणलेली भेट. हा शेवट तिला सलत राहिला. तब्येत ढासळत होती, तरी तिनं तो प्रसंग टाकून दिला आणि नवा लिहिला. टाकलेल्या प्रकरणांची तिच्या हातची पानं आज ब्रिटिश लायब्ररीत आहेत. छापून आलेल्या तिच्या कादंबऱ्यांपैकी हस्तलिखित उरलंय ते एवढ्याच पानांचं.

नव्या शेवटात बाथमधल्या एका हॉटेलची खोली आहे. वेंटवर्थ टेबलाशी कुणाचं तरी पत्र लिहीत बसलाय. खिडकीशी ॲन आणि त्याचा मित्र कॅप्टन हारव्हिल बोलताहेत: जास्त काळ प्रेम कोण करतं, पुरुष की बाई? हारव्हिल म्हणतो, सगळी पुस्तकं बायकांच्या चंचलपणाचे दाखले देतात. ॲन उत्तर देते की पुस्तकं पुरुषांनी लिहिली, लेखणी त्यांच्या हातात होती, तो पुरावा मी धरणार नाही. आणि मग, आशा संपल्यावरही प्रेम करत राहणं हे आमच्या वाट्याला आलंय, असं ती सांगते. हे बोलणं चालू असताना मधेच वेंटवर्थच्या हातून लेखणी खाली पडलेली असते. तो दुसरा कागद ओढतो आणि तिला पत्र लिहितो. ॲन त्याच्याशी एक शब्दही बोललेली नाही, पण तो ऐकेल अशा जागी उभं राहून ती बोलली आहे. दमयंतीनं सभांमधून प्रश्न फिरवला, तसाच हा प्रकार. आधीच्या शेवटात ॲडमिरलनं केलेलं काम लेखिकेनं काढून घेतलं आणि नायिकेच्या तोंडी दिलं. पुस्तक आलं ते 1817 च्या डिसेंबरात, तिच्या मृत्यूनंतर, आणि त्यात भाऊ हेन्रीनं लिहिलेल्या टिपणातून वाचकांना लेखिकेचं नाव पहिल्यांदा कळलं.

नंतरची वाट लवकर चालता येते. अमेरिकेत 1931 मध्ये नेवाडा राज्यानं फक्त सहा आठवड्यांच्या वास्तव्यावर घटस्फोट द्यायला सुरुवात केली आणि रीनो हे छोटं शहर त्यासाठी गाजलं. तीन वर्षांनी हॉलिवूडवर सेन्सॉरचे नियम कडक झाले, परस्त्री-परपुरुष दाखवणं अवघड झालं. मग पटकथाकारांनी युक्ती काढली: घटस्फोटित नवराबायकोच पुन्हा एकमेकांच्या प्रेमात पडतात! ‘द ऑफुल ट्रुथ’, ‘हिज गर्ल फ्रायडे’, ‘द फिलाडेल्फिया स्टोरी’ ही त्याच काळाची अपत्यं. स्टॅन्ली कॅव्हेल या तत्त्वज्ञानं 1981 मध्ये या चित्रपटांवर अख्खं पुस्तक लिहिलं. पुढे मिल्स अँड बून आणि हार्लेक्विनच्या पातळ पुस्तकांनी या कथानकाला ठरलेला साचा दिला. 1996 मध्ये निकोलस स्पार्क्सची ‘द नोटबुक’ आली, नॉर्थ कॅरोलिनातल्या न्यू बर्न गावातली. शहरात स्थिरावलेली नायिका कामानिमित्त मूळ गावी येते आणि तिथेच राहिलेला पहिला प्रियकर भेटतो, हे या साच्यातलं नेहमीचं वळण. साचा म्हणून मी त्याला नाक मुरडत नाही. शिकून बाहेर पडलेल्या पिढ्यांमागे ओस पडत गेलेल्या गावांचं दुःख त्यात खरं आहे.

लॅटिन अमेरिकेतली शाखा निराळी. गाब्रिएल गार्सिया मार्केसचे वडील तारमास्तर होते. आईच्या घरच्यांनी त्यांना नकार देऊन मुलीला लांबच्या प्रवासाला धाडलं, तेव्हा वाटेवरच्या तारा त्या दोघांचे निरोप पोचवत राहिल्या. ती हकीगत ‘कॉलऱ्याच्या काळातलं प्रेम’ या 1985 च्या कादंबरीत उतरली. फ्लोरेंतिनो अरिसा एक्कावन्न वर्षं, नऊ महिने आणि चार दिवस थांबतो. जिच्यासाठी थांबला त्या फेर्मिनाच्या नवऱ्याच्या मृत्यूनंतर लगेच तो प्रेमाची कबुली देतो आणि ती त्याला घराबाहेर काढते. इथे वाट पाहणारा पुरुष आहे. पण त्याचं इतकं थांबणंही पुरत नाही. पन्नास वर्षांपूर्वीची आळवणी सोडून, म्हातारपण आणि मरण याविषयी विचार करून तो नवी पत्रं लिहायला लागतो तेव्हा कुठे ती वाचायला लागते.

आणि आपण? आपल्या लहान गावांत ही भेट खरं तर वर्षाच्या चाकोरीतच बसलेली होती. लेक दिवाळीला माहेरी येणार, बाळंतपणाला येणार, जत्रेला येणार. ज्याच्याशी कधीकाळी वहीतून चिठ्ठ्यांची देवाणघेवाण झाली तो गावातच वडिलांच्या दुकानात बसलेला. आईबरोबर ब्लाऊजपीस घ्यायला गेलं की गल्ल्यावर तोच. पोराच्या हातात गोळी ठेवून तो विचारणार, “काय गं, कधी आलीस? पाहुणे आलेत का?” पाहुणे म्हणजे तिचा नवरा. याच्यापुढे बोलणं जात नसे. अशा भेटींना कुणी कथानक मानलं नाही, कारण पुढे काही घडणार नाही याची सगळ्यांना खात्री होती.

आपले चित्रपट या उंबऱ्यापर्यंत येऊन थांबतात. गुलजारांच्या ‘आँधी’त (1975) निवडणुकीच्या दौऱ्यावर आलेल्या आरतीदेवीला हॉटेलचा व्यवस्थापक म्हणून दुरावलेला नवराच भेटतो. कुजबुज वाढते तेव्हा ती भर सभेत सांगते की हा माझा नवरा आहे. हिंदी पडद्यावर दमयंतीच्या सर्वांत जवळ जाणारा हा क्षण. तरीही शेवटी ती निघून जाते. ‘इजाज़त’ (1987) मध्ये, सुबोध घोषांच्या बंगाली कथेवर बेतलेल्या, रेल्वेच्या प्रतीक्षालयात एक रात्र सगळं बोलून होतं आणि सकाळी तिचा दुसरा नवरा घ्यायला येतो. तमिळ ‘96’ (2018) मध्ये तंजावरच्या शाळेतले राम आणि जानू वर्गमित्रांच्या मेळाव्यात भेटतात, रात्रभर चेन्नईत हिंडतात आणि ती सिंगापूरला परत जाते. आपल्या ‘ती सध्या काय करते’मध्येही (2017) नायकाचा संसार अबाधित राहतो. मला हे चारही चित्रपट मनापासून आवडतात. पण चारही एकापाठोपाठ आठवले की वाटतं, आपल्याकडे भेट मान्य झाली, संधी अजून नाही. मोडणार कुणाचा तरी संसार, ही भीती रास्त आहे. मात्र प्रत्येक वेळी कुणाचा तरी संसार मध्ये असलाच पाहिजे, ही सोय लेखकाचीही असते.

कारण प्रत्यक्षात चित्र बदललंय. 1955 च्या हिंदू विवाह कायद्यानं घटस्फोट आला, 1976 च्या दुरुस्तीनं परस्परसंमतीनं वेगळं होता येऊ लागलं. माणसं जास्त जगू लागली, म्हणून साठीत जोडीदार गेल्यावर पुढे वीस वर्षं उरतात. आणि दहावीच्या बॅचचे व्हॉट्सॲप ग्रुप झाले. तालुक्याच्या गावी शाळेच्या हॉलमध्ये भरलेलं असं एक स्नेहसंमेलन मी पाहिलं. फाटकावर बॅचच्या सालाचा फ्लेक्स, हयात गुरुजींना शाल-श्रीफळ, मग जुन्या हजेरीपटाप्रमाणे नावं. छातीवर लावायच्या बिल्ल्यांवर बायकांची माहेरची आडनावं मोठ्या अक्षरांत आणि सासरची खाली कंसात. दिवसभर त्या माहेरच्याच नावानं हाकारल्या जात होत्या. ओळख करून देताना प्रत्येकानं आताचं सांगायचं होतं: नोकरी, मुलं, निवृत्ती. एका बाईंनी सांगितलं की यजमान जाऊन चार वर्षं झाली, मुलगा बंगळुरूला असतो, आणि मी आता गावातल्या घरीच राहायला आले आहे. माइक हातात घेऊन, स्पष्ट आवाजात. त्या हॉलमध्ये ते वाक्य कुणासाठी होतं, किंवा कुणासाठीच नव्हतं, हे विचारण्याचा मला अधिकार नव्हता. पण असं वाक्य भर हॉलमध्ये बोलता येतं, आणि नंतर जेवणाच्या रांगेत तिच्या पुढेमागे बसायचे तेच सगळे ताटं घेऊन उभे असतात, एवढं मी पाहिलं.

ऑस्टिनला सत्तावीस वर्षांच्या ॲनला दुसरी संधी देतानाही वाचकाला समजावावं लागलं, कारण त्या काळी त्या वयाची बाई लग्नाच्या बाजारात संपली असं धरलं जाई. आज आपल्या गावात ती बाई बासष्टची आहे. तिच्या वाटेत वडील नाहीत, हुंडा नाही. आहेत ती मुलं, सुना, घर कुणाच्या नावावर आहे हा प्रश्न, पेन्शनची कागदपत्रं आणि शेजार. पर्णादाला कुठे पाठवायचं आणि स्वयंवराची बातमी कुणाकरवी पोचवायची, हे तिला तिच्या गावाच्या हिशेबानं ठरवावं लागेल. ही गोष्ट मराठीत मला वाचायची आहे, आणि तीत पहिलं वाक्य तिनं बोलावं. तो रथ घेऊन येईल किंवा येणारही नाही. पण निरोप तिच्याकडून निघायला हवा.